असणे आणि लाभणे

सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार कार्य कारणात आधीपासूनच अव्यक्त असते. मग ते नेहमीच प्रकट का होत नाही? उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियातल्या, जर्दाळू-प्रूनच्या बागांसाठी एकेकाळी प्रसिद्ध असलेल्या क्युपर्टिनोत, जिथे माती विम्ल असते तिथे, मराठी अंगणातल्या कढीपत्त्याची पाने शिरा हिरव्या राहूनही पिवळी पडतात, कारण लोह मातीत असते, परंतु सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप, एका अंकाने वाढताच त्याची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते; स्फुरदही चुन्याशी बांधला जातो. येथे नैयायिकांचे सहकारी कारण, म्हणजे मुख्य कारणाला साहाय्य करणारी परिस्थिती, अधिक पटते: गंधक घातल्यास मातीतले जीवाणूच, अर्थात सवडीने, त्याचे आम्ल करतात आणि अडकलेले लोह मुळांना लाभू लागते.