स्मरण आणि स्मरणरंजन

दत्तजयंती जवळ आली की आमच्या वयाच्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं : "आता पूर्वीची जत्रा राहिली नाही हो." मग पुढचं सगळं ओळीने येतं. लाकडी पाळणा, घोड्यांची चक्री, साखळीच्या खुर्च्या, गुडीशेव, बत्तासे. देवळाच्या कट्ट्यावर अर्धा-पाऊण तास कसा जातो कळत नाही. उठताना मन थोडं सुखावलेलं असतं आणि थोडं उदासही. या उदास गोडीला मराठीत 'स्मरणरंजन' असा चांगला शब्द आहे. प्रश्न एवढाच, की उरलेलं आयुष्य नामस्मरणात घालवावं असं ज्याने ठरवलंय, त्याने या दुसऱ्या स्मरणाचं काय करायचं? मोह म्हणून बाजूला सारायचं, की प्रसाद म्हणून हातावर घ्यायचं?

आधी ती वस्तू नीट आठवू, मग विचार करू.

साधारण १९६५ ते १९७० चा काळ. दोन बाजूंना जाड वाशांची कैची, त्यावर आडवा कणा आणि कण्याभोवतीच्या आऱ्यांना टांगलेले चार लाकडी पाळणे. ना इंजिन, ना वीज. फिरवणारी दोन माणसं. एक जण खालून पाळणा ढकलायचा. दुसरा सरसर आऱ्यांवर चढायचा, अंगाचा सगळा भार टाकून चाक खाली आणायचा आणि जमीन जवळ आली की उडी मारायचा. लगेच पुन्हा वर. वजनाचा अंदाज त्याच्या नजरेत असे. चार दांडगी पोरं एकाच पाळण्यात बसली की दोघांना उठवून तो समोरच्या पाळण्यात धाडायचा. समोरासमोरची वजनं जुळली नाहीत तर चाक एका अंगाला ओढ घेतं आणि फिरवणाऱ्याचा दम निघतो, हे त्याला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं.

चक्रीचंही तसंच. मध्ये खांब, वर छत्रीच्या काड्यांसारखे दांडे आणि त्यांना टांगलेले रंग उडालेले, कान तुटलेले घोडे. चक्रीवाला दांडा धरून स्वतःच गोल पळायचा. साखळीच्या खुर्च्या वेग वाढला की बाहेर फेकल्या जातात असं वाटे. शास्त्र वेगळंच सांगतं. आपलं शरीर सरळ रेषेत निघून जाऊ पाहत असतं, साखळी त्याला सतत मध्याकडे ओढत असते, म्हणून आपण गोल फिरतो. ती साखळी हाताला बोचायची खरी, पण आपण जागेवर होतो ते तिच्यामुळेच.

पाळणा वर गेला की देवळाचा कळस जवळ आल्यासारखा दिसे. खाली येताना पोटात गोळा येई. आणि खाली, गर्दीत, आमच्या चपला हातात धरून वडील उभे असत. त्यांचा चेहरा दिसला की गोळा विरघळे.

ही हौस काही आपल्याच मुलखातली नाही. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६२० साली, आजच्या बल्गेरियातल्या प्लोव्हदिव्ह इथे, तुर्कांच्या बैरम सणातले असे फिरते पाळणे पाहिले आणि त्यांचं चित्र काढून ठेवलं. हाच मंडी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला. म्हणजे देव, सण आणि पाळणा यांची सोबत चारशे वर्षांची तरी आहेच. पुढे १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचं लोखंडी चाक उभं केलं. त्याला ३६ डबे होते, एकेका डब्यात ६० माणसं मावत आणि फिरवायला वाफेची इंजिनं होती. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत सप्टेंबरमध्ये स्वामी विवेकानंद बोलले. फेरिस १८९६ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी वारला. १९०६ मध्ये ते प्रचंड चाक सुरुंग लावून मोडीत काढलं. लोखंडाचं चाक तेरा वर्षं टिकलं, मग आपल्या लाकडी पाळण्याचं दुःख किती करायचं!

गीतेच्या अठराव्या अध्यायातला ६१ वा श्लोक आपण पुष्कळांनी पाठ केलेला आहे. ईश्वर सर्वांच्या हृदयात राहतो आणि यंत्रावर बसवल्याप्रमाणे सगळ्यांना आपल्या मायेने फिरवतो, असा त्याचा आशय. आचार्यांनी भाष्यात इथे यंत्रावरच्या लाकडी बाहुल्यांचा दाखला दिला आहे. मला तो वाचताना दरवेळी ते कान तुटलेले घोडे आठवतात. फिरणाऱ्याला वाटतं मीच दौडतोय. फिरवणारा मात्र दिसत नाही.

आता मूळ प्रश्न. स्मरणरंजनाच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जुनी जत्रा आठवून हसू आलं, तर त्यात कुणाचं काय बिघडलं? काहीच नाही. पण तोच माणूस नातवाला "तुमची जत्रा ती काय जत्रा" असं म्हणतो, तेव्हा बिघडतं. आपण नातवाच्या हातातला आनंद कमी करतो आणि आपला भूतकाळ मात्र वाढवून सांगतो. वास्तविक ते पाळणे धोक्याचे होते, कुणाच्या पैरणी आऱ्यात अडकत, कुणाला ओकाऱ्या होत. ते आठवणीतून गळून गेलं, गोड तेवढं उरलं.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात भ्रमर आहे, तो फुलाफुलांतून थोडं थोडं घेतो आणि पुढे जातो. मधमाशीही आहे, ती साठवत बसते आणि साठवलेला मधच तिच्या नाशाला कारण होतो. अवधूताने पृथ्वीपासून कुंभारमाशीपर्यंत प्रत्येकाकडून सार घेतलं आणि तो चालू लागला. "गेले ते दिवस" म्हणत तो कुठे बसलेला दिसत नाही. आठवणीचंही असंच असावं. तिच्यातून शिकवण घेतली तर ते स्मरण, नुसतं साठवून चाटत बसलो तर रंजन.

शिकवण कोणती? वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी हिशोबाचा एक नियम शिकवतात : घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. पुढे बँकेत सगळी नोकरी याच नियमावर झाली. जत्रेची आठवण काढताना आपण नेमकी उलटी नोंद करतो. सगळा आनंद आपल्या खात्यात जमा धरतो. खरं तर तो आपल्या नावे पडायला हवा, कारण घेणारे आपण. मग जमा कुणाच्या? पाच पैशांच्या चौकोनी नाण्यासाठी दिवसभर आऱ्यांवर चढउतार करणाऱ्या त्या माणसाच्या. त्याचं नाव गावात कुणालाही माहीत नव्हतं. आमच्या चपला धरून उभ्या असलेल्या वडिलांच्या, जे स्वतः कधी पाळण्यात बसले नाहीत. कडेवर धाकटं घेऊन लांबूनच पाहणाऱ्या आईच्या. आपल्या शास्त्रांनी ऋणं सांगितली आहेत, देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. जत्रेतला एक फेराही त्या यादीबाहेरचा नाही. आठवण आली की त्यातले देणारे आधी आठवावेत. एवढं केलं की रंजनाचं स्मरण होतं, आणि उदासपणाच्या जागी काहीतरी करावंसं वाटू लागतं.

काय करायचं, ते आपला उत्सवच सांगतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी जन्मकाळ होतो आणि आपण दत्तप्रभूंचा पाळणा हलवतो. बाहेर मैदानात पाळणा, आत गाभाऱ्यासमोरही पाळणा, शब्द एकच. गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायातली कथा आपण पारायणात दरवर्षी वाचतो. ब्रह्मा, विष्णू, महेश परीक्षा घ्यायला आले आणि अनसूयामातेने त्यांची बाळं करून पाळण्यात निजवली. ज्यांनी साऱ्या विश्वाला फिरवायचं, ते पाळण्यात, आणि दोरी एका गृहिणीच्या हातात. त्या दिवशी रांगेत उभं राहून आपण ती दोरी क्षणभर हातात घेतो. आयुष्यभर आपल्याला कुणी ना कुणी फिरवलं, झुलवलं, सांभाळलं. दोरी हाती आली की हलवणाऱ्याची बाजू कळते.

माझ्या मते आपल्या वयाला पाळण्याची हळहळ शोभत नाही, पाळण्याखाली उभं राहणं शोभतं. यंदा जन्मकाळ झाला, सुंठवडा घेतला की नातवाला मैदानात न्यावं. तिथे आता विजेवर फिरणारा आकाशपाळणा असेल, गाण्यांचा कलकलाट असेल. असू द्यावा. तुलना करू नये. त्याच्या चपला हातात धरून, तो वरून पाहील तेव्हा आपला चेहरा त्याला दिसेल अशा जागी उभं राहावं. पाळणेवाल्यालाही नाव विचारावं. त्याचं बिऱ्हाड मागे तंबूत असतं, त्याची मुलं एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत फिरत मोठी होतात. महाप्रसादाच्या पंगतीला त्या मंडळींना आवर्जून बोलवावं. आपल्या लहानपणच्या पाळणेवाल्याचं देणं आता त्याच्यापर्यंत पोचवता येणार नाही, पण त्याच्या जागी आज उभा असलेला माणूस तर समोर आहे.

फिरवणारा तोच, फिरणारे बदलतात. त्याचं स्मरण अखंड राहो.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥