आपट्याच्या जागी कांचन

आपटा हे माळरानाचे झाड. कोल्हापूर परिसरात कोरड्या डोंगरउतारांवर, गवतात विरळ झाडोरा असतो तिथे ते वाढते. खोड वेडेवाकडे, फांद्या खाली झुकलेल्या. पान जाडसर, मध्ये दुभंगलेले आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. आयुर्वेदातला अश्मंतक तो हाच. साल तुरट असल्याने जुलाबावर तिचा काढा देण्याची जुनी रीत आहे. मुतखड्यावरही आपटा वापरतात.

दसऱ्याला हेच पान सोने होते. कोल्हापूरच्या दसरा चौकात अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या येतात, छत्रपती घराण्याकडून शमीपूजन होते आणि मग सोने लुटले जाते. बाजारात मात्र आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाच्या फांद्या विकल्या जातात. कांचनाचे पान मोठे, लांबट. शेजारी ठेवले तर फरक लगेच कळतो. हे सोने धर्माला चालते का? आणि औषधाला?

वैद्यकापुरते उत्तर सोपे आहे. दुर्मीळ औषधींना काय पर्याय घ्यावा हे भावप्रकाश हा आयुर्वेदाचा ग्रंथ सांगतो: मेदा-महामेदेऐवजी शतावरी, काकोलीऐवजी अश्वगंधा. पण तिथे गुण जुळावे लागतात. कांचनाची साल गंडमाळेवर देतात. पानाचा आकार मिळताजुळता आहे म्हणून ती आपट्याच्या सालीचे काम करील असे नाही.

धर्मात भाव असला की पुरे, असे सर्रास म्हटले जाते. यज्ञविधींचा अर्थ लावणारे शास्त्र, पूर्वमीमांसा, इतके सैल नाही. जैमिनीच्या सूत्रांत सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा, म्हणजे बदली वस्तूचा, विचार येतो. यज्ञाला ठरलेले भात मिळाले नाही तर नीवार, म्हणजे रानातले भात, चालते, कारण ते त्याच्यासारखे असते. देवता आणि मंत्र यांना मात्र बदली नाही. सोम या वनस्पतीऐवजी पूतिका ही वनस्पती घ्यावी असे वचनच आहे. पण पूतिकाही हाती लागली नाही तर शोधायचे ते सोमासारखे, पूतिकेसारखे नव्हे.

हा नियम दसऱ्याला लावला की गंमत होते. आपटा मुळात स्वतःच बदली आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा धर्मसिंधू हा ग्रंथ शमी नसल्यास अश्मंतक पूजायला सांगतो. कांचन दिसतो तो आपट्यासारखा. शमीशी त्याचे काहीच साम्य नाही. तेव्हा मीमांसकाच्या हिशेबाने पूजेत त्याला जागा नाही.

सोने वाटणे मात्र लोकाचार आहे. ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणत पान हातावर ठेवताना भावच मोठा, आणि तिथे कांचनही खपून जातो. लबाडी असलीच तर ती जाणूनबुजून आपटा म्हणून कांचन विकणाऱ्याची.