राखेतील अहिंसा

शेतकऱ्याने कीड मारावी की नाही, या प्रश्नाचा जैन आचार्यांइतका सूक्ष्म विचार आपल्याकडे क्वचितच कोणी केला असेल. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार कल्पून त्यांनी शेतीतील हिंसा उद्योगी, म्हणजे उपजीविकेच्या कामात घडणाऱ्या हिंसेच्या सदरात घातली व गृहस्थाला तेवढ्यापुरती मुभा दिली. पाप मात्र माफ केले नाही.

या विवेचनाची कसोटी पाहणारे एक उदाहरण भाताच्या रोपवाटिकेत सापडते. चारसूत्री भातशेतीचे प्रवर्तक डॉ. एन. के. सावंत यांनी भाताच्या तुसाची काळी राख गादीवाफ्यात, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात, मिसळण्याची शिफारस केली. या राखेतील सिलिका हळूहळू विरघळून सिलिसिक आम्लाच्या रूपाने मुळांवाटे वर चढते आणि पानांतील पाणी उडून गेले की पेशींच्या भिंतींपाशी काचेसारखी घट्ट बसते. खोडकिड्याची अळी अंड्यातून निघून खोडात शिरू पाहते, तेव्हा या कठीण कणांवर तिच्या जबड्यांच्या कडा झिजतात. आत शिरण्यास विलंब लागतो, आणि तेवढा वेळ उघड्यावर राहिलेली ती अळी कोळ्यांच्या व परोपजीवी कीटकांच्या तावडीत आयतीच सापडते. जी आत पोचते तिचीही वाढ खुंटते. अळीने खोड पोखरल्याने येणारी गाभेमर व पळींज त्या मानाने कमी होते.

मग ही अहिंसा म्हणावी काय? तसे म्हणणारे उत्साही लोक आहेत. मला ते पटत नाही. राखेपायी मेलेली अळी विषाने मेलेल्या अळीइतकीच मेलेली असते, आणि राख पसरणाऱ्याला हा परिणाम ठाऊक असतो. तथापि, फवाऱ्याचे विष जिचा पिकाशी काही तंटा नाही अशा मधमाशीलाही गाठते, तर सिलिका ज्याने खोडाला तोंड लावले त्याच्याच वाट्याला येते. सबब ही हिंसा विरोधी सदरात, म्हणजे स्वसंरक्षणाच्या खाती जमा करणे न्याय्य ठरेल, असे माझे मत आहे. दोष उरतो, पण निरपराधांचे मरण त्यात येत नाही.

एवढे मान्य करूनही राखेने किडीचा पुरता बंदोबस्त होत नाही, आणि प्रादुर्भाव फार वाढला तर तोच शेतकरी फवारणीचा पंप पाठीवर घेतो.