सोसणाऱ्याचं नाव

वॉर्डात काम करताना ‘पेशंट’ हा शब्द मी दिवसातून शंभरदा उच्चारायचे. त्याचं मूळ कळलं ते निवृत्तीनंतर. लॅटिन ‘पाती’ म्हणजे सोसणं. पेशंट म्हणजे सोसणारा. धीराचा ‘पेशन्स’ही तिथलाच. आणि ‘पॅशन’सुद्धा! आज आवडीनिवडीला लावतात तो शब्द ख्रिस्ती धर्मात येशूच्या अखेरच्या यातनांसाठी आहे. ‘कम्पॅशन’ म्हणजे सोबतीनं सोसणं.

इथे मी अडते. दुसऱ्याचं दुखणं खरंच सोबतीनं सोसता येतं? ७ नंबरच्या आजी, डॉक्टर ड्रेसिंग बदलायला लागले की माझं मनगट गच्च धरायच्या. कळ त्यांचीच होती, माझी नव्हे. पण त्यांच्या बोटांचे वळ माझ्या मनगटावर कितीतरी वेळ राहायचे, आणि हात सोडवून घ्यावा असं मला कधी वाटलं नाही.