मूठ उघडी की मिटलेली?



मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर बारावीत विज्ञान शाखेला असलेला एक मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. त्याने विचारले, "काका, आपण म्हणतो की धम्म विज्ञाननिष्ठ आहे. पण शास्त्रज्ञसुद्धा आपले शोध लपवून ठेवतात. मग पुरोहितांनी वेद लपवले म्हणून आपण त्यांनाच दोष का देतो?" विचारणाऱ्याचे वय पाहून उत्तर आखूड करण्याची आपल्याला सवय आहे. मीही तेच केले. "मोठा झालास की कळेल," असे म्हणून त्याला वाटेला लावले. घरी आल्यावर मात्र लाज वाटली. केसपुत्त गावी शंका घेऊन आलेल्या कालामांना तथागतांनी असे उत्तर दिले नव्हते. म्हणून त्या मुलाचे उत्तर आज आपणा सर्वांपुढे मांडतो आहे.

हा प्रश्न त्याच्या डोक्यात एका इंग्रजी कथेमुळे आला होता. हॅरी पॉटर या जादूगार मुलाच्या कादंबऱ्या आपल्या मुलांनी मराठीतूनही वाचल्या आहेत. तीच पात्रे घेऊन एलिझर युडकोव्स्की या अमेरिकन लेखकाने २०१० ते २०१५ या काळात १२२ प्रकरणांची निराळीच कथा लिहिली. तिचे नाव 'हॅरी पॉटर अँड द मेथड्स ऑफ रॅशनॅलिटी'. दुसऱ्याच्या पात्रांवर आपली कथा उभारण्याच्या या प्रकाराला तिकडे फॅन फिक्शन म्हणतात. त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. आपल्या जलशांनीही तमाशाचा साचा घेतला, त्यातले गणेशस्तवन काढून टाकले आणि त्यात नवा विचार भरलाच ना! या कथेतला हॅरी ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाच्या घरी वाढतो आणि पडताळून पाहिल्यावाचून कशावरही विश्वास ठेवत नाही.

या कथेतील एक प्रसंग मुळातून सांगण्यासारखा आहे. जादूगारांच्या समाजातही उच्चनीच आहे. ज्यांचे आईबाप, आजेपणजे जादूगार, ते शुद्ध रक्ताचे. ज्यांचे आईबाप साधी माणसे, ते अशुद्ध. ड्रेको मॅल्फॉय हा शुद्ध घराण्यातला मुलगा. पूर्वीच्या जादूगारांना महान मंत्र येत होते, आज ते कोणालाच येत नाहीत, याला कारण रक्ताची भेसळ, असे त्याला घरी शिकवलेले असते. वाचकहो, हे वाचताना आपल्याला परके वाटणार नाही. वर्णसंकराने कुळाचा नाश होतो, ही धमकी आपल्या वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या ऐकली आहे.

हॅरी त्याच्याशी भांडत बसत नाही. तो म्हणतो, चल, तपासून पाहू. मेंडेलने वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचा जो नियम काढला, तोच तो इथे लावतो. समजा, जादूचे एकच बीज आहे. ते आई आणि बाप या दोघांकडूनही मिळाले, तर मूल जादूगार. एकाकडूनच मिळाले, तर जादूगाराच्या घरी जन्मूनही त्याला जादू येणार नाही. कोणाकडूनच मिळाले नाही, तर साधा माणूस. हे खरे असेल, तर एकेकच बीज असलेल्या दोघांनी लग्न केल्यावर त्यांच्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा पुरे जादूगार निघाले पाहिजेत. ड्रेको अशी कुटुंबे स्वतः शोधून काढतो, आणि हिशेब जुळतो. बीज एक तर असते, नाही तर नसते. शुद्ध रक्ताची जादू जोरकस आणि मिश्र रक्ताची लेची, असे काही नसतेच.

मग जुने मंत्र गेले कुठे? त्याचेही उत्तर कथेत आहे. मर्लिन नावाच्या प्राचीन जादूगाराने एक बंधन घालून ठेवले होते. सामर्थ्यवान मंत्र ग्रंथात लिहून शिकता येणार नाहीत, जिवंत गुरूने जिवंत शिष्यालाच ते दिले पाहिजेत. साहजिकच जो गुरू न देता मेला, त्याच्याबरोबर त्याची विद्याही मेली. विद्या बुडाली ती मिटलेल्या मुठीमुळे, आणि दोष लावला गेला तो तथाकथित हीन रक्ताला!

सत्य समजल्यावर ड्रेको आनंदत नाही. तो चवताळून उठतो, मंत्राने हॅरीच्या हाताला यातना देतो आणि त्याला कोंडून निघून जातो. मला हे वर्णन खरे वाटले. आपले मोठेपण खोटे आहे हे कळणे फार दुखते.

पुढची गोष्ट मात्र मला खटकली. हा शोध त्या दोघांच्या गुप्त मंडळातच राहतो. ज्या मुलांना रोज अशुद्ध म्हणून हिणवले जाते, त्यांच्यापर्यंत तो जात नाही.

या कथेच्या वाचकांत मोठा वाद झाला आहे, पण तो बहुतेक दुसऱ्याच गुपिताविषयी. कथेच्या अखेरीस हॅरीचे मत पालटते. आधी तो फर्मीच्या बाजूचा असतो, नंतर सिलार्डच्या बाजूचा होतो. धोकादायक ज्ञान लपवलेच पाहिजे, अशा निर्णयाला तो येतो. कोणी म्हणतात, हे शहाणपण आहे. कोणी म्हणतात, हा विज्ञानाशी द्रोह आहे. फर्मी आणि सिलार्ड ही कथेतली पात्रे नव्हेत, ती खरी माणसे. त्यांची हकीकत समजून घेतल्याशिवाय या वादात पडण्यात अर्थ नाही.

लिओ सिलार्ड हा हंगेरीचा ज्यू शास्त्रज्ञ, हिटलरच्या राज्यातून निसटलेला. एन्रिको फर्मी इटलीचा. त्याची पत्नी ज्यू होती, म्हणून १९३८ साली नोबेल पारितोषिक घ्यायला गेला तो परत न जाता अमेरिकेत पोहोचला. १९३९ च्या आरंभी युरेनियमचा अणू फुटतो ही बातमी आली. तो फुटताना आणखी न्यूट्रॉन बाहेर पडत असतील, तर अणुबाँब शक्य होता. सिलार्ड म्हणाला, या विषयावरचे निबंध आता छापू नका, जर्मनी वाचते आहे. फर्मीला ते पटेना. शोध छापायचा, सर्वांनी तपासायचा, हीच विज्ञानाची रीत; शिवाय बाँबची शक्यता त्याला दूरची वाटत होती. दूरची म्हणजे किती? तो म्हणाला, शंभरात दहा. तेव्हा त्यांचा सहकारी राबी म्हणाला की ज्यात आपण मरणार आहोत, ती शंभरात दहाची शक्यता दूरची नव्हे. न्यूमोनिया झालेल्या माणसाला डॉक्टरने असे सांगितले तर तो निश्चिंत झोपेल का? सिलार्डने फ्रान्समध्ये जोलिओ यांनाही कळवले होते, पण त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये आपला निबंध छापला.

पुढच्या वर्षी मात्र सिलार्डचे म्हणणे चालले. शुद्ध ग्रॅफाइट न्यूट्रॉन फारसे गिळत नाही, म्हणजे त्याच्या विटा रचून अणुभट्टी करता येईल, हे फर्मीच्या मोजणीतून दिसले. ती मोजणी त्याने छापली नाही. तिकडे जर्मनीत वाल्थर बोथे याने ग्रॅफाइट मोजले, पण त्यात भेसळ राहिल्याने ते निरुपयोगी ठरवले. जर्मन शास्त्रज्ञ नॉर्वेतून येणाऱ्या जड पाण्यावर विसंबून राहिले, आणि १९४३ च्या फेब्रुवारीत तो कारखाना नॉर्वेच्या देशभक्तांनी उडवला. फर्मीची मोजणी छापली गेली असती, तर बोथेची चूक त्यांच्या ध्यानात आली असती. हिटलरच्या हाती काय पडले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

तेव्हा मला विचाराल तर १९४० सालच्या त्या खोलीत मी सिलार्डच्या बाजूने बसलो असतो. हे मी चाचरत म्हणत नाही.

परंतु हकीकत तिथे संपत नाही. एकदा लपवण्याची व्यवस्था उभी राहिली की ती शास्त्रज्ञाच्या हातात राहत नाही. अमेरिकेच्या नियतकालिकांतून या विषयावरचे निबंध येईनासे झाले. ती शांतता पाहूनच फ्ल्योरोव्ह नावाच्या तरुण रशियन शास्त्रज्ञाने ताडले की तिथे बाँब तयार होतो आहे, आणि १९४२ साली त्याने स्टॅलिनला तसे लिहिले. म्हणजे लपवणेच बोलू लागले! जर्मनी शरण गेली. ज्याच्या भीतीने गुपित सुरू झाले, तो हिटलर मेला. गुपित मात्र चालूच राहिले. जुलै १९४५ मध्ये सिलार्डने अध्यक्ष ट्रूमन यांच्यासाठी एक अर्ज तयार केला. त्याचा आशय असा की जपानला अटी स्पष्ट सांगून शरण येण्याची संधी दिल्याशिवाय हे अस्त्र वापरू नये. त्यावर ७० शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. तो अर्ज ट्रूमन यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. पुढे त्यावरही गुप्ततेचा शिक्का बसला. गुप्तता मागणारा पहिला माणूस आपल्याच गुप्ततेच्या दारात अडकला. ६ ऑगस्टला हिरोशिमा जळाले. त्यानंतर जपानवर ताबा मिळवलेल्या अमेरिकन सैन्याने बाँबच्या परिणामांविषयीच्या लिखाणालाही कात्री लावली. ज्यांच्या अंगाची सालटी निघाली होती, त्यांनाच आपल्याला काय झाले हे मोकळेपणाने लिहिता-वाचता येईना.

इथे त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागते. फर्मीची मोजणी लपवली ती मारणाऱ्यापासून. हिरोशिमाची हकीकत लपवली ती मार खाल्लेल्यांपासून. शब्द एकच, 'गुपित'. पण या दोन कृत्यांना एका मापाने मोजणे म्हणजे चोराने दार बंद करणे आणि घरधन्याने दार बंद करणे एकच समजणे होय.

आता आपल्या धम्माकडे पाहू. पाली वाङ्मयात या विषयावरचे दोन प्रसंग आहेत, आणि वरवर पाहता ते एकमेकांच्या उलट आहेत. कोसंबीच्या शिंसपा वनात भगवंतांनी मूठभर पाने हातात घेऊन भिक्खूंना विचारले, ही पाने जास्त की वनातली? वनातली, हे उघडच. तेव्हा भगवंतांनी सांगितले की जे मी जाणतो पण सांगितले नाही, ते या वनातल्या पानांइतके आहे. सांगितले ते एवढेच. म्हणजे बुद्धांनीही सर्व सांगितले नाही! दुसरा प्रसंग वैशालीजवळच्या बेलुव गावचा. आजारातून उठलेल्या भगवंतांना आनंद म्हणाला की संघाविषयी काही सांगितल्याशिवाय आपण जाणार नाही, याचाच मला धीर होता. त्यावर भगवंतांनी सांगितले की मी आतले आणि बाहेरचे असा भेद न करता धम्म शिकवला आहे, काही गुरू शेवटपर्यंत मूठ मिटून ठेवतात तशी मूठ माझ्यापाशी नाही.

मग खरे कोणते? दोन्ही. वनातली पाने का सांगितली नाहीत, याचे कारण भगवंतांनी तिथेच दिले आहे. त्यांनी दुःखाचा निरोध होत नाही. ज्याने दुःख जाते, ते मात्र सारे सांगितले, आणि सर्वांना सांगितले. न्हावी उपाली आणि राजपुत्र यांना वेगवेगळा धम्म दिला नाही. उलट गौतम धर्मसूत्र पाहा. चोरून वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील वा लाख ओतण्याची शिक्षा त्यात सांगितली आहे. त्या शूद्राने वेद ऐकून कोणाचे शहर जाळले असते? काहीही बिघडले नसते. बिघडले असते ते फक्त ऐकवणाऱ्याचे आसन. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्यात आली, ती अशाच ग्रंथांच्या सत्तेविरुद्ध.

आणि म्हणूनच हॅरीविषयीची माझी तक्रार कायम आहे. सिलार्डचा धडा त्याने शिकला, ठीक आहे. बाँबचे सूत्र लपव. पण रक्ताच्या प्रयोगात लपवण्याजोगे काय होते? ते सूत्र नव्हते, तो निवाडा होता, आणि त्या निवाड्याची वाट पाहणारी मुले त्याच शाळेत, शेजारच्या बाकावर बसलेली होती. पुरावा कच्चा होता, ड्रेकोच्या जिवाला धोका होता, असे कोणी म्हणेल. असेल. पण थांबायचे किती दिवस, हे ठरवणार कोण? ज्याला त्या गुपिताची झळ लागत नाही, त्याला घाई कधीच नसते.

हे सारे मी मोठ्या तोंडाने लिहितो आहे, तर एक स्वतःचीही गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी कारकून होतो. वस्तीत शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, जातीच्या दाखल्याला कोणते कागद लागतात, ते कोणत्या खिडकीवर द्यायचे, हे एकट्या मला नीट ठाऊक होते. संध्याकाळी दारात माणसे बसत. मी त्यांचे अर्ज भरून देत असे, पैसा कधी घेतला नाही. पण भरायचे कसे, ते कोणाला शिकवलेही नाही. पत्नी एकदा म्हणाली, "अहो, त्या पोरांना एकदा फळ्यावर समजावून सांगा ना, तुमची दगदग वाचेल." मी म्हणालो, त्यांना जमायचे नाही. खरे कारण असे की दारातली ती माणसे मला हवी होती. एके वर्षी मी तापाने पडलो, आणि दोन मुलांची शिष्यवृत्तीची मुदत टळून गेली. त्यातल्या एकाने शिक्षण सोडले.

तो आजही भेटला की जयभीम घालतो. मला काही बोलत नाही.

येत्या पौर्णिमेला मी त्या बारावीच्या मुलाला हा अंक देणार आहे. विहारातल्या भिंतीवर फळा आहे, खडूही आहेत. दाखल्यांचे नियम आता बदलले आहेत आणि ते माझ्यापेक्षा त्यालाच अधिक माहीत आहेत. वंदनेनंतर अर्धा तास त्याने ते सर्वांना समजावून द्यावेत, असे मी त्याला विचारणार आहे. मी पुढच्या रांगेत वही घेऊन बसेन.