गटातला टेलचा विद्यार्थी

मोठ्या वर्गात शिकवलेलं पोचत नाही, तेव्हा गट लहान करा, हा सल्ला आपल्याकडे जुना आहे. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये व्याख्यानांना ट्युटोरियलची जोड द्यायला सांगितलं. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये जवळपास तेच सांगितलं. आता श्रेयांक पद्धतीत हा तास वेळापत्रकातच असतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. बॅच पाडली, बॅचचे चार-पाच जणांचे गट केले आणि गटातल्या एखाद्याला काही कळेनासं झालं, तर त्याने जायचं कुणाकडे?

इंदापूर तालुक्यातल्या कळससारख्या गावातून बारामतीला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना विचारा. गटात एकच जण बोलतो. प्रोजेक्ट एकीने लिहिलेला असतो, वर नावं पाचांची. चर्चा इंग्रजीत सुरू झाली की निम्मे जण वहीत डोकं घालतात. आणि गट खरा भेटतो तो तास संपल्यावर कँटीनमध्ये, तेव्हा यांची एसटी सुटायची वेळ झालेली असते. यातलं काहीही सरांच्या कानावर जात नाही, कारण अंतर्गत गुण सरांच्याच हातात. वर कॉलेजच्या अहवालात ‘गटचर्चा झाली’ अशी नोंद मात्र नेटकी असते.

नीरा डाव्या कालव्याखाली शेती करणाऱ्यांना हे सांगायला नको. पाटाला पाणी सुटलं म्हणजे टेलला पोचलं असं होत नाही. वरचा भिजवून घेतो, खालचा वाट बघत बसतो. विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली तेव्हा सगळी मदार आधीच ठरलेल्या वाटपावर होती, वरच्याच्या भलेपणावर नव्हती. गटातल्या शांत मुलाला ‘जरा धीट हो’ म्हणणं हा टेलच्या शेतकऱ्याला दिलेला उपदेश झाला. दोष वाटपात आहे.

अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्राइझमन या गणिताच्या शिक्षकाने १९७० च्या दशकात असंच एक कोडं हाती घेतलं. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे का पडतात? आजूबाजूच्यांकडे उत्तरं तयार होती: पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, मेहनत कमी. ट्राइझमन मुलांमध्ये जाऊन बसला तर चित्र निराळंच निघालं. ही मुलं कष्टाळू होती, पण अभ्यास एकेकट्याने करत होती. चिनी वंशाची मुलं एकत्र बसत, एकमेकांची गणितं तपासत, आणि आपण कुठे चुकतोय ते त्यांना परीक्षेच्या आधीच कळे. मग त्याने कार्यशाळा सुरू केल्या. त्यांत दिली ती नेहमीपेक्षा अवघड गणितं, एकट्याने सुटायला जड जातील अशी. ‘कच्च्यांचा वर्ग’ हे नाव मात्र कटाक्षाने टाळलं. निकाल बदलले.

आपण नेमकं उलट करतो. ‘स्लो लर्नर’ची यादी करतो, ती मूल्यांकनाच्या फायलीत लावतो, आणि त्या यादीत नाव आलेल्या पोराने गटात तोंड उघडावं अशी अपेक्षा ठेवतो!

खरं तर कराव्या लागणाऱ्या गोष्टी मोठ्या नाहीत. सत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बिननावाच्या चिठ्ठ्या घ्याव्यात: गटात तुझं काय अडतंय? सत्र संपल्यावरच्या फीडबॅक फॉर्मचा त्या मुलाला काडीचाही उपयोग नसतो. गटाचं उत्तर कुणी सांगायचं ते आयत्या वेळी चिठ्ठी काढून ठरवावं, म्हणजे हुशार मुलाला शेजाऱ्याला समजावण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तोंडी प्रश्न प्रत्येकाला वेगळे विचारावेत. चर्चा मराठीत होऊ द्यावी, लिहिताना इंग्रजी आलं तरी चालेल. पहिल्या सत्रापुरते गट एसटीच्या मार्गाप्रमाणे करावेत, असं माझं मत आहे. गावची मुलं गावच्याच मुलांत राहतील हा आक्षेप मला मान्य आहे. पण एकाच गाडीने ये-जा करणाऱ्यांना एकत्र बसायला वेळ तरी मिळतो. दुसऱ्या सत्रात गट मोडून नवे करता येतील.

खरी अडचण शिक्षकाच्या बाजूची आहे. जागा रिकाम्या, त्यामुळे अनेक विषय तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात. त्यांना मानधन मिळतं ते घेतलेल्या तासाचं. तास संपल्यावर दाराशी घुटमळणाऱ्या मुलीला ‘काय झालं?’ विचारून ऐकत बसायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास मानधनाच्या बिलात लावायला रकाना नाही. विद्यापीठाने गटांच्या आकाराचे नियम करण्याआधी हा रकाना काढावा.