वेळ वाचवून करणार काय?

बाहेरून चकाकतोय म्हणून हा वाडगा माझ्यापुढे ठेवलास, तर आता आतून बोट फिरव. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, बोटाकडे लक्ष दे. दोन ठिकाणी गुळगुळीत, दोन ठिकाणी खरखरीत, आणि खरखरीत जागा बरोबर समोरासमोर. यावर तू म्हणतोस, ‘सर, आंब्याचं लाकूडच तसं असतं.’ नाचता येईना अंगण वाकडं! लाकडाला नावं ठेवायची नाहीत. आंबा मऊ आहे, त्याचे रेषे पटकन उसवतात, म्हणूनच तुला शिकायला आंबा दिला होता.

वाडग्याचा ठोकळा लेथवर चढतो तेव्हा त्याचे रेषे आसाला आडवे असतात, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर काढून दाखवलं होतं. दर फेऱ्यात गाऊजपुढे, म्हणजे कातायच्या पन्हाळीदार हत्यारापुढे, दोनदा रेषांची लांबी येते आणि दोनदा त्यांची टोकं. टोकांना मागून आधार नसेल तर ती कापली जात नाहीत, उपटली जातात. म्हणून बाहेरची बाजू तळाकडून काठाकडे कातायची आणि आतली काठाकडून तळाकडे. तू आत तळातून काठाकडे गाऊज ओढलीस. का? तर हाताला ते सोयीचं पडलं.

आता खाली बघ. लेथखाली पिठासारखा भुगा पडलाय. धार लागलेली असती तर लांब, कुरळ्या ढलप्या पडल्या असत्या. धार कधी लावलीस असं विचारलं तर म्हणालास, सकाळी. अरे, १० इंची वाडग्याच्या काठाला एका फेऱ्यात जवळजवळ ८० सेंटिमीटर लाकूड धारेखालून जातं. मिनिटाला ८०० फेरे धर. दोन मिनिटांत सव्वा किलोमीटरच्या वर लाकूड गेलं. सकाळच्या धारेवर तू संध्याकाळ केलीस! ग्राइंडर चार पावलांवर आहे. तिथे जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही तुला द्यायचा नव्हता.

मोटरमुळे हे खपून जातं. इंग्लंडात बकलबरी इथे जॉर्ज लेली नावाचा कातारी होता, १९५८ साली वारला. पायाने चालवायच्या लेथवर, आकड्यासारख्या वाकड्या हत्यारांनी तो एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढायचा. त्याचा लेथ रेडिंगच्या संग्रहालयात ठेवलाय. पायाच्या ताकदीवर फिरणारं लाकूड बोथट हत्यारापुढे थांबतं, मग धार लावण्यावाचून गत्यंतर नसतं. तुझी मोटर थांबत नाही. ती बोथट हत्यारही रेटत राहते, आणि तू दाब वाढवत जातोस. गाऊज दाबावी लागली की समजायचं, आता लेथ बंद करून धार लावायची. बेव्हल, म्हणजे धारेमागचा उतार, आधी लाकडाला टेकवायचा, मग मूठ हळूच उचलायची, गाऊज कापायला लागली की तिथेच थांबायचं. ताकदीचं काम यात कुठेच नाही.

बोथट हत्याराने उसवलेलं झाकायला तू ८० नंबरचा पॉलिश पेपर घेतलास आणि एका जागी धरून बसलास. मऊ भाग जास्त झिजला, टणक कमी. आता वाडगा गोल राहिला नाही, कॅलिपर लावून बघ. वर ८० वरून थेट २४० वर उडी मारलीस. ८० चे ओरखडे २४० ने जात नाहीत. तेल लावलंस की एकेक उठून दिसेल. आणि हे सगळं तोंडाला मास्क न लावता! लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. सुतारकाम करून पोट भरणाऱ्या किती जणांना ती धूळ टाळता येत नाही. तुला येते, तरी तू ती छातीत भरून घेतोस.

आणखी एक. हा ठोकळा ओला होता ना? ओलं लाकूड कातायला हरकत नाही, पण पहिल्या खेपेला व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी भिंत जाड ठेवायची, म्हणजे १० इंचाला एक इंच. मग काही महिने सावलीत वाळू द्यायचं आणि दुसऱ्या खेपेला अंतिम आकार द्यायचा. लाकूड वाढीच्या वर्तुळांच्या कडेने जितकं आकसतं, साधारण त्याच्या निम्मंच गाभ्याच्या दिशेने आकसतं. हा वाडगा पावसाळा संपेपर्यंत लंबगोल होईल. भाचीच्या लग्नात द्यायचा आहे म्हणतोस, तर तिला असा देणार?

इथवर मी वाडग्याबद्दल बोललो. आता ज्याने माझ्या अंगावर काटा आला, ते ऐक. स्पिंडलची, म्हणजे उभट वस्तू कातायची, रफिंग गाऊज तू वाडग्यावर चालवलीस. सावंतवाडीला लाखकामाच्या लेथवर उभट वस्तू कातताना बघितलंस आणि इथे तेच केलंस. तिथे रेषे आसाच्या दिशेने धावतात, इथे आडवे येतात, हा फरक डोक्यात ठेवायला हवा होता. त्या गाऊजचं शेपूट मुठीत शिरतं तिथे पातळ असतं. रेषांच्या टोकांत ती रुतली की तिथेच मोडते. वेग किती होता? १८००! इंचांतला व्यास गुणिले फेरे, हा गुणाकार ६००० ते ९००० मध्ये राहायला हवा, म्हणजे या ठोकळ्याला ६०० ते ९००. १८०० ला काठ ताशी ८५ किलोमीटरच्या वेगाने तुझ्या चेहऱ्यासमोरून फिरत होता, आणि फेस शिल्ड खिळ्याला टांगलेलं होतं. तू साधा चष्मा घालून वाकला होतास. ठोकळा सुटला असता तर तुझ्या घरी मी कोणत्या तोंडाने फोन केला असता?

छंद आहे, म्हणून चालतं, असं पुन्हा म्हणू नकोस. लेथवर पोट असलेल्याला संध्याकाळपर्यंत नग मोजून द्यावे लागतात. त्याने घाई केली तर मी समजून घेईन. तुझी वाट कोण बघतंय? या कामात त्याच्यापाशी नाही असं एकच तुझ्यापाशी आहे, वेळ. आणि तोच तू धारेवर, वाळवण्यावर, शिल्ड डोक्यावर चढवण्यावर वाचवतोस. तुझा हात चांगला आहे. नसता तर एवढं बोलत बसलो नसतो.

पुढच्या रविवारी वाडगा करायचा नाही. सकाळभर ग्राइंडरवर उभं राहायचं. गाऊजची धार लावायची, टाकाऊ ठोकळ्यावर बाहेरून चार काप घ्यायचे, पुन्हा धार लावायची. टूल रेस्ट सरकवायचा तो लेथ बंद करून, आणि सुरू करण्याआधी ठोकळा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघायचा. पॉलिश पेपर मी देणार नाही. रफिंग गाऊज माझ्या कपाटात आहे. लाटणं करायला बसशील तेव्हा मागून घे.